अक्काच्या कुड्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. लिहायला बसले तर हात आखडतोय — सातवीतच शाळा सुटली, चुका होतील. पण भीती त्या चुकांची नाही.

मी नगरकडची. तीन वर्षं झाली, दारव्ह्याला एका वसतिगृहात भाकरी करते. इथली आमची रविवारची मंडळी म्हणजे पत्र्याच्या खोलीतली पंधरा-वीस माणसं. पहिल्याच रविवारी पास्टरांनी प्रेमानं विचारलं — ताई, तुमचा नवा जन्म कधी झाला? साक्ष सांगा, देवानं तुम्हाला कसं बदललं ते. मी तर पिढीजात ख्रिस्ती, आजोबांपासून देवळात, म्हणजे चर्चला, जाणारं घर. नवा जन्म बाहेरून येणाऱ्यांना लागतो, असंच समजत होते ना मी? सगळे माझ्याकडे बघत होते, केवढ्या आशेनं. 'माझा अजून झालेला नाही' — एवढं म्हणायला काय लागत होतं?

मी अक्काची साक्ष सांगितली. माझी म्हणून.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं शेजारच्या विधवेवर कुड्या चोरल्याचा आळ घेतला होता. त्या पुढे अक्काच्याच ज्वारीच्या कणगीत निघाल्या, तरी ती दोन वर्षं गप्प राहिली. मग देवानं तिला हलवलं. कुड्या तळहातावर घेऊन भर पाणवठ्यावर तिनं त्या बाईची माफी मागितली. हे सगळं मी 'मी, मी' करत सांगितलं. रडलेसुद्धा. ते रडू कुठून आलं असेल?

तिथं सिंधूकाकू होत्या. पुढे मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर पेज भरवली, त्या. त्या साक्षीनंतर आठवड्यानं माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, चार सालं झाले सुनेसंगं बोलली नाही मी. काल गेली न् माफी मांगतली. तुह्यापाई वं." आता खरं कसं सांगायचं? माझं खोटं उघडं पडलं तर काकूंचं खरंही मोडेल — असं मनाशी म्हणत राहिले. खरं तर मला तिथली माझी जागा जपायची होती.

गेल्या महिन्यात अक्का भेटायला आली. काकू तिला म्हणाल्या, "बहीण लय गुणाची हाये तुमची. भाकर तेवढी जाड थापते!" आणि मंडळीत मला पुन्हा साक्ष सांगायला उभं केलं. अक्का समोरच बसलेली. तरी मी सांगितली — कुड्यांसकट. ती खाली बघत राहिली.

बसस्टँडवर एवढंच म्हणाली, "साक्ष नेलीस, ने बाई. पण जन्म उसना कुठं मिळतो?" राग नाही, टोमणा नाही. गाडी लागेपर्यंत माझा हात तिच्या हातात होता.

परत येऊन पीठ मळता मळता मी पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली — देवा, माझ्याकडे दाखवायला काहीच नाही, मला नव्यानं घडव. चमत्कार काही झाला नाही. पण वाटलं, आज देवापुढे अक्का नाही, मी उभी आहे.

या रविवारी काकूंचा बाप्तिस्मा. त्याआधी त्यांना माझी साक्ष हवी आहे. त्यांच्या डोळ्यांत काय दिसेल, ठाऊक नाही. पण सुनेची मागितलेली माफी त्यांची स्वतःची होती, ती माझ्या खोट्यानं मोडायची नाही — हे आता कळतंय.

मी उभी राहणार आहे. साक्ष लहानशीच असेल. तिच्यात कुड्या नसतील.