बिनसासूचं घर

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. कॉलेजातल्या शिक्षकांचे, वडिलांचे आणि सांगलीच्या एसटीतून डबा धाडणाऱ्या आईचे उपकार आहेतच. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिला मान चंद्राचा.

माझ्या जन्मवेळी चंद्र कर्क राशीत, आश्लेषा नक्षत्राच्या शेवटच्या चरणात होता. कर्क ही चंद्राची स्वतःची रास, म्हणजे तो आपल्या घरी सुखात बसलेला. मला मात्र घर मिळेना, कारण आश्लेषाची मुलगी सासूच्या जिवावर उठते असं मानत. बारशाला गुरुजींनी ‘डो’ अक्षर काढून दिलं होतं. त्यावरून मुलीचं नाव कुणाला सुचलं नाही, पण नक्षत्र अख्ख्या भावकीच्या लक्षात राहिलं.

वडिलांनी एकदा गुरुजींना विचारलं, “आवं, पहिल्या चरणाला दोष न्हाई म्हणता, मग जरा मागं सरकत न्हाई का?”

“चंद्र म्हणजे काय बैल आहे, मागं रेटायला?”

चंद्रावर माणूस उतरून तीन-चार वर्षं झाली होती. पलूसजवळच्या आमच्या गावात त्यामुळे एकाही पत्रिकेत फरक पडला नव्हता. माझ्या बरोबरीच्या मुली मॅट्रिक होताच सासरी गेल्या. मला बघायला येणाऱ्या बायका नक्षत्र ऐकून चहा अर्धा ठेवून उठत. रिकामी बसण्यापेक्षा शिकू दे, म्हणून मला सांगलीला कॉलेजात घातलं. तीन वर्षं मी सुखात शिकले. वादस्पर्धेत अंधश्रद्धेविरुद्ध बोलून बक्षीसही मिळवलं.

बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला थोडेच दिवस उरले असताना वडिलांनी गावी बोलावून घेतलं. साताऱ्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा मिलिटरीत, उसाची जमीन, आणि मुख्य म्हणजे मुलाची आई तो तान्हा असतानाच वारलेली. त्याच्या रजेत लग्न उरकायचं, म्हणजे परीक्षेच्या आधी.

मी परीक्षेचं नाव काढलं. वडील म्हणाले, “परीक्षा दरसाल येती. बिनसासूचं घर येत न्हाई.”

पाहुणे आले. मुलाचे वडील बाहेर बसले, मुलाची आत्या आत आली. विधवा झाल्यापासून ती भावाकडेच असे. आईने आनंदाच्या भरात तिला सांगून टाकलं, “आमची आश्लेषाची हाय, पर तुमच्यात सासूच न्हाई. म्हणून तर जुळलं बगा.”

आत्याच्या हातातली पोह्यांची बशी खाली आली. भावाने बहिणीला यातलं काही सांगितलं नव्हतं.

“सासू न्हाई? पोरगं दुधाचं हुतं तवापासनं मी वाढवलंय. मग मी कोण?”

“आवं आत्याबाई, शास्त्रात सासू म्हंजे नवऱ्याची आई.”

“शास्त्राला ठावं असंल. त्या चंद्राला कोण सांगणार? त्यो वरनं बगतोय, चुलीपाशी कोण बसतंय त्ये.”

आत्याने मोहरा माझ्याकडे वळवला. “तू शिकलीयास पोरी. तूच सांग, असतंय का आसलं काय?”

चुलीवर चहा उतू जायला आला होता, पण आईचं लक्ष माझ्याकडे. वादस्पर्धेतलं सगळं भाषण मला तोंडपाठ होतं. ‘काही नसतं आत्या, बिनघोर राहा’ एवढं म्हटलं असतं तरी माझं लग्न ठरलं असतं. तिचा चेहरा तसा प्रेमळ होता, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडलीही होती.

“मला त्यातलं कळत न्हाई आत्या,” मी म्हणाले. “पण जपलेलं बरं.”

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “गुणाची हाय पोर,” आईला म्हणाली, आणि भावाला उठवून घेऊन गेली.

त्या रात्री वडील माझ्यावर धुमसत होते. सकाळी मात्र माझी पुस्तकांची पिशवी घेऊन स्टँडवर आले, ती त्यांनीच सांगलीच्या गाडीत चढवली आणि खिडकीपाशी उभे राहिले.

“नीट लिव्ह पेपर,” ते म्हणाले. “तवर मी बिनआत्याचं बगतो.”