मूठभर कोंड्याची पोर

म्हातारीनं माझ्या हातात मूठभर कोंडा कोंबला आणि स्वतःचा पदर पसरला. "टाक वो बाई याच्यात. अन् म्हण, पोरगी घेतली."

माझ्या पुढ्यात तिची नात. आठव्याच महिन्यात जन्मलेली, वर न्यूमोनिया. कापसात गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या, नाकाशी ऑक्सिजनची नळी. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आणि हिला कोंडा सुचतोय! ब्याद टळावी म्हणून मी तो पदरात टाकला, "घेतली, घेतली" म्हटलं आणि तिला बाहेर काढलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी साताऱ्याकडची, भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच आले होते. ही माणसं करडी गावाकडची, धानाची शेती असलेली, खाऊनपिऊन सुखी. तरी मला त्यांचं लक्षण ठीक दिसेना. म्हातारी रोज दारातूनच विचारायची, "तुयी पोरगी कशी हाये, बाई?"

माझी? मी म्हटलं, "अहो, नात तुमची!" तर तिनं घाईघाईनं कानांवर हात ठेवले. "आमची नोहोय. आमाले कायले सांगतं?"

म्हटलं, आलं लक्षात. मुलगी झाली ना! टाकून पळायचा बेत दिसतोय. असंच एक पोर मी आल्या आल्याच कुणी आमच्या वॉर्डात सोडून गेलं होतं. तेव्हापासून माझी नजर मेली संशयीच झाली होती.

पोरीची आई तर कहर. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. दूध मात्र वाटीत काढून पाठवायची. तेही मी आधी थेंबभर नखावर घेऊन बघायची, चाखायची. न जाणो, पाणी घातलं असेल, शेळीचं असेल. असायचं आईचंच. ते नळीनं थेंब थेंब पोटात सोडायचं, कूस बदलायची, पाठीवर बोटांनी हलकं थोपटून कफ सुटा करायचा, पिशव्या पुन्हा गरम करायच्या. एकदा कौतुकानं पोर उचलून तिला काचेतून दाखवली, तर बाईनं पदर डोळ्यांवर ओढला. आई की कोण ही! माझं डोकंच फिरलं.

मग एका दुपारी पोर निळी पडली. कफ अडकला होता. मी रबरी नळी तोंडात धरून तो ओढतेय, तळव्यांवर टिचक्या मारतेय, आणि दारातून म्हातारी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "मरते त मरो! आमाले काय? बाईची हाये थे!"

"चालती हो इथून!" मी ओरडले. "पोलिसांत देईन एकेकीला!"

तेवढ्यात पोर रडली. मांजरीच्या पिलासारखं बारीक रडणं ते. म्हटलं, बाळे, तू जग फक्त. हे नाही नेणार तर मी नेते तुला साताऱ्याला. खरंच म्हटलं.

आणि पोर सावरली. ऑक्सिजन निघाला, चमच्यानं दूध गिळायला लागली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं त्या सकाळी मी पोर घेऊन दारातच उभी राहिले, बघू आता कोण येतं ते. म्हातारी आली. हातात सूप, सुपात नवे तांदूळ.

"वापस विकत दे वो माय," ती म्हणाली. "सुनेची पहिली दोन्ही लेकरं आमची आमची म्हणून पोटाशी धरली, अन् गेली. म्हणून हे मूठभर कोंड्यात तुले विकली. मरण घर हुडकत आलं त आमच्या घरी लेकरूच नाही. मोठ्यानं सांगा लागते त्याले, तवा ऐकते."

मी सूप घेतलं. पण पोरीवरचा हात काही निघेना.

व्हरांड्यात तिची आई तशीच भिंतीकडे तोंड करून बसलेली. डोळे घट्ट मिटलेले, पोलकं दुधानं भिजलेलं. मी पोर तिच्या मांडीवर ठेवली, तरी ती डोळे उघडेना.

"सौदा झाला का?" तिनं सासूला विचारलं. "आता पाहू का मी?"