चातुर्मासातला पंक बँड

आमचा पंक बँड आषाढी एकादशीनंतर सुरू झाला आणि तुळशीच्या लग्नाआधी संपला. कोल्हापुरातला तो पहिला पंक बँड होता, असं माझा मित्र अजून सांगतो. मी एवढंच म्हणेन, की दुसरा असल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

हे महिने आम्ही ठरवून निवडले नव्हते. मित्राच्या वडिलांचा लग्नात वाजवणारा बँड होता. शिवाजी पेठेत त्यांना सगळे मास्तर म्हणत. चातुर्मासात लग्नं नसतात. गणपतीच्या मिरवणुका सोडल्या तर त्या दिवसांत मास्तरांचं दुकान बंद, ड्रम खुंटीला आणि ड्रम वाजवणारा रिकामा. तो मित्राचा आतेभाऊ. त्यामुळे ड्रम, ड्रमवाला आणि जागा असं सगळं आम्हाला आयतं मिळालं. लग्नं सुरू झाली की ते सगळं परत जाणार होतं.

पंक म्हणजे काय ते आम्हाला एका कॅसेटवरून कळलं. माझा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने ती आणली होती. त्यात काही माणसं जोरजोरात वाजवत होती आणि त्याहून जोरात ओरडत होती. आमचं तिघांचंही इंग्रजी बेताचं. ती कशावर चिडली आहेत ते कळलं नाही, पण चिडली आहेत हे नक्की कळलं.

"हे आपल्याला जमतंय की!" मित्र म्हणाला.

मी मिरजेला जाऊन एका सतारी करणाऱ्या कारागिराकडून गिटार करून घेतली. दिसायला रांगडी पाहिजे, असं त्याला बजावून सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि कडेने नाजूक वेलबुट्टी काढून दिली. "तशीच बोडकी कशी देऊ?" म्हणाला. मला तीन कॉर्ड येत होत्या. कॅसेटवरच्या माणसांनाही तेवढ्याच येत असाव्यात असा माझा अंदाज होता.

चिडायला कारणं शोधावी लागली. एक गाणं रॉकेलच्या रांगेवर झालं, एक कॉलेजच्या हजेरीवर. मित्राला मात्र शोधावं लागलं नाही. शाळेत असल्यापासून त्याला वडिलांच्या बँडमध्ये लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवावं लागत होतं. वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीच्या वरातीत तो असाच उभा होता आणि त्या मुलीने त्याला ओळखून सगळ्या मैत्रिणींना दाखवलं होतं. बँड सुरू झाल्यावर त्याने त्यावरच गाणं केलं:

लाल कोट, लाल कोट, मे महिन्यात लाल कोट!
नवरा बसलाय घोड्यावर, घाम आमच्या पाठीवर!

चालीची भानगड नव्हती. हे ओरडायचं होतं.

लोक आमच्यावर खवळतील अशी आमची मोठी आशा होती. सराव सुरू झाल्यावर समोरच्या काकू दुकानाच्या दारात आल्या, तेव्हा आम्हाला बरं वाटलं.

"पोरानू, शब्द कळंनात," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं म्हणा की."

आमच्या पेठेत दोन माणसं भाजीचा भाव बोलली तरी भांडण चाललंय असं परगावच्या माणसाला वाटतं. तिथे आमचा आवाज तो कुठे पुरणार?

दिवाळी जवळ आली तसे मास्तर कोटांना उन्हं दाखवायला लागले. मित्राने त्यांना सांगून टाकलं, की यंदा मी कोट घालणार नाही, माझा बँड आहे.

"बँड म्हंजे सुपारी येती त्यो," मास्तर म्हणाले. "तुळशीच्या लग्नाआधी एक सुपारी आणून दाखव. ड्रम तुझा, ड्रमवाला तुझा, आणि कोट मी परत तुझ्यापुढं धरणार न्हाय. न्हाय आली, तर गप क्लॅरिनेट घ्यायचं."

सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, हे मित्राला चांगलं ठाऊक होतं. फक्त लग्नात वाजवायचं नाही, ही त्याची स्वतःची अट होती.

पेठेतल्या तालमीच्या मंडळाने भाऊबीजेला संध्याकाळी किल्ल्यांच्या स्पर्धेचं बक्षीस वाटप ठेवलं होतं. त्यानंतर तासभर आम्हाला दिला, पण आम्ही मागून घेतलेला आणि फुकट, म्हणजे ती सुपारी नव्हे. मास्तर त्यांच्या वादकांना घेऊन पुढच्याच रांगेत बसले. आमची गाणी नऊ. एकेक जेमतेम दीड मिनिटाचं. हा हिशोब मी खरं तर आधी करायला हवा होता. पाव तासात आम्ही घामाघूम होऊन थांबलो.

"माईक टेस्टिंग झालं असलं तर गाणी सुरू करा की राव!" चौकाच्या मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं.

मग आम्ही तीच नऊ पुन्हा म्हटली. तिसऱ्या खेपेला लोकांना पाठ झाली होती. 'लाल कोट'ला तर मास्तरांचे वादकच उठून नाचायला लागले. त्यांचा ढोलवाला हात वर करून म्हणत होता, "खरं हाय! बगलंत टोचतोय बघा लई!" मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

आम्ही वायरी गुंडाळत असताना फेटा बांधलेले एक पाहुणे पुढे आले. हातकणंगल्याहून बहिणीकडे भाऊबीजेला आले होते. त्यांनी पानसुपारी मास्तरांपुढे धरली.

"मास्तर, पोरीचं लगीन हाय. ही पोरं पायजेत."

मास्तरांनी सुपारी घेतली नाही. मित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "पावणं, मालक त्यो हाय. त्येला इचारा."

वडिलांनी त्याला मालक म्हटलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो. पाहुणे त्याच्याकडे वळले, आणि पोरसवदा मालकापुढेही त्यांनी रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले. मित्र त्या हातांकडे बघत राहिला. घेतली तर पैज जिंकत होता, पण वाजवायचं होतं लग्नात. नको म्हणायला त्याने तोंड उघडलंही होतं.

"एकुलती एक हाय," पाहुणे म्हणाले. "आमच्या गावात असलं कुनी वाजीवलेलं न्हाय."

मित्राने सुपारी घेतली, वाकून त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "गाणी कुठली कुठली पायजेत?"

आमचा बँड त्या प्रश्नाला संपला. पाहुणे बोटांवर मोजू लागले: नवरदेव मारुतीला जाताना एक, अक्षता पडल्यावर एक, जेवणाच्या पंगतीला दोन-तीन, आणि पाठवणीचं तर पाहिजेच. मास्तर दुसरीकडे बघत होते. हसत होते की काय, मला दिसलं नाही. शब्द मात्र त्यांनी पाळला, कोटाचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात जमलो. माझ्या तीन कॉर्डमध्ये पाठवणीचं गाणं बसेना. मित्र वैतागून म्हणाला, "थांब, म्हणून दाखवतो," आणि भिंतीला टेकून त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत हळू आवाजात म्हटलं. एक जागा चुकला नाही. लहानपणापासून याच दुकानात ऐकत आला होता. आतेभावाने काठ्या खाली ठेवल्या. मीही वाजवायचं विसरलो. चार महिने मी त्याच्या शेजारी उभा होतो, पण त्याचा गळा गोड आहे हे मला त्या सकाळी कळलं.