सुनंदा गप्प राहिली

नागपूरच्या इस्पितळातून जावयांचा फोन आला, "बाबा, सुनंदा गेली." मी फोन ठेवला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिला आदरांजली वाहायला पांढुर्ण्याच्या आमच्या घरी पुष्कळ माणसे आली. त्यांत भारी पातळ नेसलेली एक बाई होती. "काका, शाळेत सुनंदाची सगळ्यांत जवळची मैत्रीण मीच. दोन शब्द बोलू द्या." मी म्हणालो, "बसा. बोलायचे नाही." लोकांना ते कठोर वाटले. म्हणून हे लिहितो. त्या बाईचे नाव लिहीत नाही. माझ्या मुलीच्या नावाशेजारी ते शोभणार नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा काळ. मी सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून होतो. ती बाई तेव्हा संत्र्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. दोघी नववीत, एका बाकावर. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राणीचे काम सुनंदाला मिळाले. शाळेची रीत अशी, की पात्राने पोशाख घरून आणायचा. आमच्या घरी शालू कुठला? मैत्रीण म्हणाली, "माया आईचा देतो ना वं, तू काहून घाबरतं?" भाकऱ्या थापताना सुनंदा राणीची वाक्ये म्हणे, आम्हा सर्वांनाच ती पाठ झाली होती.

नाटकाच्या सकाळी, साऱ्या वर्गासमोर, मैत्रिणीने सांगितले, "आई म्हणून राहिली, सुनंदानं नेसला त मंग तो शालू पूजेला नाही चालत. मीच होतो राणी. तू दासी होय, चवरी ढाळ!" मुली हसल्या. वर्गाच्या बाईंनीही मान डोलावली...

आमच्या शाळेत पडद्याआडून वाक्ये सांगणारा नसे. सिंहासनामागे उभ्या दासीने चवरी ढाळता ढाळता ती सांगायची. दुसऱ्याच प्रवेशात राणी अडखळली. "सांग ना वं, सुने!" ही कुजबुज ध्वनिक्षेपकातून मैदानभर गेली. सुनंदा चवरी ढाळीत राहिली. मागून कोणी ओरडले, "राणीसाहेब, झोपल्या का?" राणी रडत आत पळाली, पडदा पाडावा लागला. पुढच्या रांगेत तिचे वडील मान खाली घालून बसले होते. मी ताठ बसलो होतो.

घरी येताना विचारले, "आठवत नव्हते?"

"सारं आठवत होतं, बाबा. म्हणूनच चूप राहिलो."

मी तिला रागावलो नाही. त्या मुलीशी ती पुन्हा कधीही बोलली नाही.

पुढे सुनंदा पांढुर्ण्यात शिक्षिका झाली. पहिल्या पगारात तिने जरीचे पातळ घेतले, एकदाच नेसली आणि नाटकाच्या मुलींसाठी पेटीत ठेवले. हळूहळू पेटी भरली. तिच्या शाळेत कोणत्याही मुलीला पोशाख घरून आणावा लागला नाही. देताना ती आडनाव विचारीत नसे.

पेटी आता माझ्या खोलीत आहे. संमेलन जवळ आले, मुली येऊ लागल्या. मी आडनाव विचारतो. त्या बाईची नात याच शाळेत शिकते, हे मला ठाऊक आहे. ती आली, की जरीचे पातळ मी स्वतःच्या हाताने तिला देणार आणि सांगणार, "आधी घरी जा. आजीसमोर नेस, आणि तिला सांग, हे सुनंदाने नेसलेले आहे."