सात किलोमीटर, सव्वादोन किलो

एप्रिलमधल्या एका सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या मुलीला घरी नेण्यासाठी रुग्णालयातून निघालो, आणि मुलीला तिथेच विसरलो.

बाकी सामान सगळं होतं. दुपटी, टोपडी, औषधांची पिशवी, कागदांची जाडजूड फाइल. गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, रोजच्यासारखं वळण घेतलं. फाटकावर गार्ड आडवा आला. एकाहत्तर दिवस हा माणूस मला सलाम करत होता. आज त्यानं हात आडवा धरला.

"साहब, मैडम?"

"काय मॅडम?"

"और बच्ची?"

मी मागच्या सीटवर पाहिलं. दुपटी होती.

बचावासाठी एवढंच सांगतो की एकाहत्तर दिवस मी त्या इमारतीतून एकटाच बाहेर पडत होतो. हातापायांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. गाडी उलटी घेत पोर्चपर्यंत आणली. पायरीवर वैजू, म्हणजे माझी बायको, बाळाला छातीशी बांधून उभी होती आणि शेजारी सिस्टर सिलिंडर धरून. सिस्टर हसत होती. वैजू हसत नव्हती. ती फक्त "या" म्हणाली.

आमची मुलगी सातव्या महिन्यातच आली. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर आली, म्हणून तिला उशीर झाला असं आम्हाला वाटत होतं. डॉक्टरांच्या मते ती फार लवकर आली होती. जन्मली तेव्हा वजन नऊशे ग्रॅम, आता सव्वादोन किलो. फुप्फुसं अजून कच्ची, म्हणून नाकात बारीक नळी आणि पुढचे काही महिने घरी ऑक्सिजन. नाव ठेवलेलं नव्हतं. मनगटावरच्या पट्टीवर 'बेबी ऑफ वैजयंती' असं लिहिलं होतं. त्यात माझा उल्लेख नव्हता आणि तोवरच्या कामगिरीवरून ते योग्यच होतं.

घरी सोडण्याआधी आईबापांची परीक्षा होते. वैजू पहिल्या दिवशी पास झाली. मला सिलिंडर बदलायला लावलं: जुन्याची नळी काढायची, नव्याची चावी उलटी फिरवायची, काटा पाहायचा, नळी लावायची, सगळं एका मिनिटात. पहिल्यांदा मी चावी सुलटी फिरवली. दुसऱ्यांदा नळी लावली, चावी विसरलो. तिसऱ्यांदा सगळं बरोबर केलं, पण रिकाम्या सिलिंडरला. सिस्टर धीर देत म्हणाली, "कोई बात नहीं अंकल, बच्ची के पापा को सिखा देंगे."

"मीच पापा," मी म्हणालो.

चौथ्यांदा मला पास केलं. मला वाटतं, त्यात दयेचा भाग होता.

निघताना सिस्टरनं तीन गोष्टी सांगितल्या. हे छोटं सिलिंडर दीड तास पुरेल. बाळाच्या पायाला बांधलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला तर तळपाय चोळायचे, सावरला नाही तर सरळ परत यायचं. आणि ऑक्सिजनच्या जवळपास आग नको, दहा फुटांत तर नकोच. तिसरी गोष्ट मी तिथूनच फोन करून ताईला कळवली. ताई माझी मोठी बहीण, आमच्याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून राहते आणि सकाळपासून आमच्या घराचा ताबा घेऊन बसली होती.

आमचं घर दर्पण कॉलनीत, रुग्णालय लष्कर नावाच्या जुन्या भागात. अंतर सात किलोमीटर, वेळ पंचवीस मिनिटं. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरपर्यंत आले, त्यांनी वाटेत काय तयारी केली होती कोण जाणे. मी मात्र केली होती. आठवडाभर कचेरी सुटल्यावर सगळे रस्ते पालथे घालून गतिरोधक मोजले. मोठ्या रस्त्यानं गेलं तर अकरा. त्यातले चार असे की मोठ्या माणसाचाही दात हलावा. मग मला शोध लागला की दाल बाजारातून गेलं तर सुरुवातीचे सहा टळतात. दाल बाजारात गतिरोधक नाही. तिथे आजवर कोणाला गती मिळालेली नाही, त्यामुळे रोधायचा प्रश्न आला नसावा. हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

"दाल बाजारातून?" वैजूनं मागून विचारलं.

"एकही धक्का बसणार नाही."

खरोखरच बसला नाही. बाजारात शिरून शंभर पावलं गेलो आणि गाडी थांबली, ती थांबलीच. पुढे डाळींचा ट्रक, मागे रिक्षा, उजवीकडे पोत्यांनी भरलेला हातठेला. वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. मग ट्रकच्या पलीकडून पाठीवर पोती घेतलेले पल्लेदार (हमाल) येऊ लागले आणि गाडीच्या पुढ्यातल्या दुकानाच्या फळीवर एकेक पोतं धप्पकन आपटू लागले. प्रत्येक पोत्यासरशी तांबूस धूळ उठायची. मी काच बंद असूनही शिंकलो. एप्रिल म्हणजे वर्षाच्या मिरच्या भरायचे दिवस. गेल्या आठवड्यात मी या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाहिला होता, पण संध्याकाळी, पोती आत गेल्यावर.

बाळ शिंकलं. मांजराचं पिल्लू शिंकतं तेवढंच. दुसऱ्यांदा शिंकलं.

"एक्याण्णव," वैजू म्हणाली.

मी एसीची हवा बंद केली, फटीत दुपटी कोंबली.

"एकोणनव्वद." तिचा आवाज अगदी सरळ होता. ती तळपाय चोळत होती. "काटा कुठेय?"

मी वळून सिलिंडरचा काटा पाहिला. तो लाल पट्ट्याच्या कडेला आला होता. मी हॉर्न वाजवला. दाल बाजारात हॉर्न म्हणजे इतर वाहनांना विचारलेलं क्षेमकुशल. सगळ्यांनी उत्तर दिलं. मग मी खाली उतरलो. एका थोराड पल्लेदारानं पोतं आपटलं, कमरेवर हात ठेवले आणि मला न्याहाळलं.

"काए बाबूजी, जे गाड़ी इधर काए घुसेड़ दी?"

मी नुसतं मागच्या काचेकडे बोट केलं. तो वाकला. वैजूनं दुपटं थोडं बाजूला केलं. नळी दिसली, नाक दिसलं, म्हणजे नळीच्या मागे जेवढं होतं तेवढं.

"कित्ते की है?" त्यानं विचारलं. ज्याच्या पाठीवर दिवसभर वजनच असतं तो वय विचारत नाही.

"सव्वादोन किलो."

"बस?" तो काचेपासून दोन पावलं मागे सरकला, जणू त्याच्या श्वासानंही काही सांडेल. "हम तो पचास से नीचे हाथ नहीं लगाते." मग तो वळला आणि असा ओरडला की ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून आला. "ओए! कोई बोरी नहीं पटकेगा! जो जहाँ है, वहीं खड़ा रहे! बच्ची जा रई है!"

आणि दाल बाजार थांबला. मी बेचाळीस वर्षं या शहरात शुद्धीवर आहे, पण हे पाहिलं नव्हतं. वीसेक माणसं पाठीवर पन्नास-पन्नास किलो मिरची घेऊन, वाकून, जिथल्या तिथे उभी राहिली. खाली टाकलं तर धूळ उडेल, म्हणून कोणी टाकलं नाही. चौघांनी हातठेला भरलेला असताना उचलून दुकानाच्या पायरीवर चढवला. दुकानाचे शेठ लोट्यानं रस्त्यावर पाणी शिंपडू लागले. ट्रक इंच इंच मागे गेला.

"निकालो बाबूजी, आराम से."

मी आरामात काढली. दोन्ही बाजूंनी वाकलेली माणसं, घामानं डबडबलेले चेहरे गाडीच्या काचेच्या उंचीवर. एक म्हातारा पल्लेदार पोत्याखालूनच वैजूकडे पाहून हसला. बाजार संपायच्या वळणावर मागून वीस पोती एकदम पडल्याचा आवाज आला.

"ब्याण्णव," वैजू म्हणाली. आरशात पाहिलं तर डोळे पुसत होती. मी मिरचीबद्दल काहीतरी बोललो.

फूलबागेपासून पुढे किल्ला फार सुंदर दिसतो. बाहेरगावचे लोक तिथे उतरून फोटो काढतात. मी सिलिंडरच्या काट्याकडे पाहत होतो, जे गाडी चालवणाऱ्यानं करू नये, त्यामुळे किल्ल्याचं वर्णन या लेखात नाही. पडावाचा पूल, गांधी रोड, थाटीपूर. उरलेले पाच गतिरोधक बैलगाडीच्या वेगानं ओलांडले. एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि वळून पाहत राहिला.

आमच्या गल्लीत वळलो आणि पंचवीस पावलांवर ब्रेक लावला. दारात ताई. पैठणी नेसलेली. मागे कॉलनीतल्या पाचसहा बायका. ताईच्या हातात तबक, तबकात हळदकुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, आणि मधोमध निरांजन. जळतं.

मी गाडीतून उतरून पळत गेलो.

"ताई, निरांजन!"

"दिसतंय मला. मीच लावलंय."

"आग नको म्हणून फोन केला होता ना?"

"हो, मग? सकाळपासून गॅस पेटवला नाही. चहासुद्धा केला नाही मी, डोकं धरलंय. आणि निरांजन म्हणजे आग का रे नंदू? देवाचं असतं ते."

"ऑक्सिजनला ते कळत नाही."

ताईचा चेहरा बदलला. ही बाई गेली एकोणीस वर्षं माझ्या मुलाच्या औक्षणाची वाट पाहत होती. तबक तिनं दर पाडव्याला घासून ठेवलं होतं हे मला माहीत होतं. "विझव" हा शब्द मी उच्चारू शकलो नाही. गाडीत काटा लाल पट्ट्याच्या मध्यावर होता, ताईच्या हातात ज्योत आणि मध्ये मी, दोघांपैकी कोणाच्याही उपयोगाचा नाही.

ताईनं गाडीकडे पाहिलं. काचेतून वैजू तिच्याकडे पाहत होती. मग ताईनं निरांजन उचललं आणि शेजारच्या शर्माआंटींच्या हातात दिलं.

"ये अपने यहाँ ले जाइए, भगवान के पास रखिए. बुझाना नहीं है."

"कब तक रखना है दीदी?"

"डॉक्टर नळी काढेंगे तब तक."

डॉक्टर तीन महिने म्हणाले होते. शर्माआंटींनी निरांजनातल्या चमचाभर तुपाकडे पाहिलं, "ठीक है" म्हणाल्या आणि ज्योतीवर पदराचा आडोसा धरून रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्या घराचं दार लागलं तेव्हा मी गाडी पुढे घेतली.

औक्षणात आधी सुपारी आणि अंगठी ओवाळतात, मग निरांजन. ताईनं सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली, भाकरतुकडा (दृष्ट काढायचा घास) टाकला आणि तबक खाली घेतलं.

"अर्धं झालं," ती बाळाला म्हणाली. "उरलेलं माझ्याकडे बाकी. तू नळी काढून ये."

आत गेल्यावर ऑक्सिजन तयार करणारं यंत्र सुरू केलं, नळी त्याला जोडली; अडीनडीसाठी एक मोठं भरलेलं सिलिंडर कोपऱ्यात उभं होतं. यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं. जेवायला दहीपोहे आणि काकडी, कारण गॅस बंदच होता. ताई चहासाठी शर्माआंटींकडे गेली. तिथे एका ज्योतीची दोन झाली होती, आंटींनी समई आणून शेजारी ठेवली होती, सोबत म्हणून.

तीन वाजता बत्ती गेली (आमच्याकडे वीज म्हणत नाहीत). पंखा थांबला, ऑक्सिजनच्या गिरणीनं एक शिट्टी मारली आणि तीही गप्प. वैजू झोपाळलेली होती, ताडकन बसली. मी मोठ्या सिलिंडरची चावी उलटी फिरवली, काटा पाहिला, नळी काढली, नळी लावली. कोपऱ्यातल्या भरलेल्या सिलिंडरला. आकडा त्र्याण्णववर होता, त्र्याण्णववरच राहिला. मला वाटलं, आता सिस्टर इथे असायला हवी होती.

कॉलनीतले सगळे कूलर बंद पडले होते. एकाहत्तर दिवसांत पहिल्यांदा आम्ही तिघं अशा जागी होतो जिथे कुठलंच यंत्र वाजत नव्हतं. आणि त्या शांततेत मला आवाज आला. बारीक, अडखळत, सूंऽ करून थांबणारा, पुन्हा सूंऽ. कुठेतरी गळत होतं. मी सिलिंडरच्या तोंडाला कान लावला. चावी घट्ट केली. गुडघ्यांवर बसून भिंतीपासून पलंगापर्यंत सगळी नळी वीतवीत तपासली. आवाज जवळ येत गेला. मी पलंगापाशी पोहोचलो तेव्हा वैजू बाळाच्या तोंडावर वाकली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी घाबरून तिचा हात धरला.

ती हसत होती. दुपट्याची कड तोंडात धरून, आवाज होऊ नये म्हणून.

"अहो, उठा जमिनीवरून," ती म्हणाली. "सिलिंडर नाही ते. घोरतेय ती. तिकडच्या मशिनांत इतके दिवस ऐकूच आलं नाही आपल्याला. सव्वादोन किलोची पोरगी, आणि घोरणं अगदी तुमच्या मापाचं."