स्वतःच्याच कादंबरीतला खुनी सांगून टाकणारे शेटे सर

वैजनाथ शेटे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि गौरवग्रंथात मीही चार ओळी लिहाव्यात, असा समितीचा आग्रह आहे. मी धारूरचा छापखानेवाला. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं छापलं, स्वतः लिहायची पाळी पहिल्यांदाच आली. चूकभूल पोटात घालावी.

सरांची माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. ते तेव्हा हायस्कुलात मराठी शिकवायचे. भाचीच्या लग्नाच्या पत्रिका माझ्याकडून छापून घेतल्या आणि मुलीच्या आईचं नाव राहिलं म्हणून सगळा गठ्ठा परत आणला. मी म्हणालो, कागदावर होतं तेच छापलंय. सर शांतपणे म्हणाले, "कागद चुकला असेल. पण लेकरू एकट्या बापाचं असतं का, शफीकभाई?" मी धुसफुसत पुन्हा छापलं. पुढे माझी बायको अंबाजोगाईला दवाखान्यात होती, तेव्हा हेच सर शाळा सुटल्यावर आठवडाभर माझ्या छापखान्यात बसून गिऱ्हाइकं सांभाळत होते. त्यानंतर भांडायला तोंडच राहिलं नाही.

निवृत्तीनंतर सरांनी रहस्यकादंबरी लिहायला घेतली, तेव्हा गाव हसलं. म्हातारपणी हे काय खूळ! गोष्ट अशी : लढाईवरून परतलेले एक सुभेदार, त्यांची बायको, दोन मुलं, एक सून, आणि घरामागच्या बुजवलेल्या विहिरीत सापडलेला चुलतभावाचा सांगाडा. खून घरातल्याच कुणीतरी केलेला. सर रोज एकेक प्रकरण आणून द्यायचे, पण शेवटचं काही देईनात. "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही," म्हणाले. ते खोटं नाही. अखेर ती पानं त्यांनी माझ्याच संगणकावर एका बोटाने टाईप केली आणि तोवर मला चहाला पिटाळलं. खुनी सुभेदारच आहेत, हे मला पुस्तक छापताना कळलं.

पुस्तक हातोहात खपलं. पण आमच्याकडे छापील अक्षराचा दरारा फार. छापलंय म्हणजे घडलंच असणार! शेजारच्या गावात खरंच एक सुभेदार राहतात, अंकुशराव. लढाई पाहिलेला माणूस, बोलणं मोजकं. वासरू पडून मेलं म्हणून घरामागची विहीर त्यांनी बुजवली होती. सरांनी ती जागा एसटीच्या खिडकीतून पाहिली आणि गोष्टीत घेतली. पंचक्रोशीत बेपत्ता माणूस कुणी नव्हता, पण लोकांना विहीर पुरली. "विहीर कामून बुजवली असंल रं?" पारावर सुरू झालं. सुभेदारांच्या नातीचं, सारिकाचं, माजलगावकडे ठरत आलेलं लग्न अडलं. जरा थांबू, असा मुलाकडचा निरोप आला.

सारिका नर्स आहे. ती एकटीच सरांच्या दारात आली, मी तिथेच बसलो होतो. तिने चहासुद्धा घेतला नाही.

"सर, आजोबा तीन दिस झालं नीट जेवले न्हाईत. माझं लगीन मोडलं तर मोडू द्या, पण त्यांच्या माथी खून कामून? लिव्हलं तुमी, आता पुसा बी तुमीच."

सरांचा चेहरा पडला. मी म्हणालो, पात्रं काल्पनिक आहेत असं पहिल्या पानावर छापलंय की! सर म्हणाले, "ते पान कुणी वाचतं का?" ते तडक सुभेदारांकडे गेले आणि हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सर, सुभेदार आणि मी असे तिघं जीपने माजलगावकडे निघालो.

पाव्हण्यांच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. सरांनी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडलं. "यात खुनी सुभेदार आहेत. आणि हा खून मी केलाय, माझ्या टेबलाशी बसून." एक तरणा गडी ओरडला, "सर, नका ना सांगू! माझी धा प्रकरणं राह्यलीत!" लोक हसले, सर हसले नाहीत. त्यांनी एकेक धागा उसवला. जमिनीची भाऊबंदकी त्यांच्या स्वतःच्या घरातली, सून त्यांच्या मावशीवरून बेतलेली, बंदूक तर उभ्या जन्मात हातात धरलेली नाही. "विहीर तेवढी या सुभेदारांची. ती मी न विचारता घेतली."

रहस्यकथा लिहिणाऱ्याने शेवट फोडणं म्हणजे आपल्या हाताने दुकानाला कुलूप लावणं. दुसऱ्या आवृत्तीचे गठ्ठे माझ्याकडे पडलेले. मी मनात कपाळ बडवून घेतलं. ती बातमी तालुकाभर झाली आणि ते पुस्तक पुन्हा कुणी मागितलं नाही. सर मात्र त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत.

मुलाचे आजोबा सगळं ऐकत होते. ते सुभेदारांकडे वळले. "सरांचं पटलं. पर तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुमी कुणाला मारलं न्हाई ना?"

सुभेदार म्हणाले, "मारलंय की. लढाईत. दोघं तर पार तोंडासमोर व्हते. त्यांची नावं ठावं न्हाईत. त्यांच्या घरी कुणी कळवलं का न्हाई, त्ये बी ठावं न्हाई."

त्या म्हाताऱ्याने उठून सुभेदारांचा हात धरला आणि घरात हाक दिली, "पाव्हण्यांची पानं वाढा." सारिकाचं लग्न तिथेच पक्कं झालं.

परतताना सर म्हणाले, "शफीकभाई, मी या माणसाला खोटा खून चिकटवला आणि यांच्या उरावर काय आहे, ते एकदाही विचारलं नाही. कसला मी लेखक!" त्यांचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, माझेही.

तेव्हापासून सर दर गुरुवारी वही घेऊन सुभेदारांकडे जातात. जे लिहितील ते आधी सुभेदारांना वाचून दाखवायचं, ही अट सरांनीच घातली आहे. कधी चार वाक्यं मिळतात, कधी दोघं नुसता चहा पितात आणि सर कोरी वही घेऊन घरी येतात. पुस्तक कधी होणार, हे मी आता विचारत नाही.

सरांच्या वैजनाथदेवाने आणि माझ्या अल्लाने मिळून त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट तब्येत द्यावी. रीत म्हणून हे लिहीत नाही. सुभेदारांचं सांगणं अजून बाकी आहे, त्यांना घाई नाही, आणि सरांखेरीज ते कुणापाशी बोलत नाहीत.