वाफेत अडकलो तेव्हा

मंडळी, आज सकाळी कट्टा गावच्या एसटी स्टँडवर एक परदेशी मुलगी दिसली. पाठीला भलीमोठी पिशवी, सोबत कोणी नाही. आमची ही म्हणाली, "ह्या चेडवाक भंय कसा वाटना नाय?"

मला माझंच भय आठवलं.

साठच्या दशकात मी बोटीवर नोकरीला होतो. बोट न्यूझीलंडला लागली, तेव्हा पाठीला पिशवी टाकून उकळत्या पाण्याची कुंडं बघायला एकटाच गेलो. अचानक वारा फिरला आणि वाफेने सगळं झाकून टाकलं. पाऊल पुढे टाकलं तर जमीन खचली. पाय कसाबसा ओढून घेतला, बुटाला कढत चिखल. आता हलायचं कुठे?

"आये, मेलंय गो!" मी ओरडलो.

वाफेपलीकडून एका बाईचा इंग्रजीतून आवाज आला, "हलू नकोस! ओरडत राहा!"

मी आईला हाका मारत राहिलो. त्या हाकांच्या रोखाने तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली एक म्हातारी आली, तिने मनगट धरून मला बाहेर काढलं.

"कोणाला बोलावत होतास?"

"आईला."

"कुठे असते?"

"मालवणात."

ती हसली नाही. रस्ता लागेपर्यंत तिने हात सोडला नाही.

तुम्ही जिवाच्या भीतीने ओरडलात, तेव्हा तोंडात कोणाचं नाव आलं?